हिब्रू येत नाही, मग बेने इस्रायल म्हणून सुरुवात कुठून करू?

प्रश्न: मी 23 वर्षांचा, ठाण्यातला बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातला. हिब्रू वाचता येत नाही, सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनास्थळात, परक्यासारखं वाटतं. परंपरेशी नातं जोडायचंय, पण कसं?

स्वयंपाकघरातून. माझं तरी तिथूनच जुळलं.

माझी आजी अलिबागकडची. रोश हशाना हे ज्यू नववर्ष, म्हणजे आमच्या घरातला नव्याचा सण, जवळ आला की गहू भिजत पडायचे. तीन दिवस, रोज पाणी बदलायचं. मग वाटून मलमलच्या फडक्यातून पिळायचे आणि तळाशी बसलेला पांढराशुभ्र चीक हलव्यासाठी घ्यायचा. माझी नेमणूक कढईपाशी. चीक, साखर, नारळाचं दूध. हात थांबला की गुठळी झालीच. एकदा हात भरून आले तेव्हा मी म्हटलं, नारळ खवत कशाला बसायचं, म्हशीचं दूध ओत ना. आजी म्हणाली, "अगं, आज जेवायला मटण आहे." मांसाबरोबर दूध चालत नाही, हा नियम मला अकराव्या वर्षी असा कळला. कोकणात नारळ होता म्हणून आपल्या माणसांना तो नियम पाळूनही गोडधोड करता आलं. हल्ली चायना ग्रास घालून झटपट हलवा करतात, तो मला पटत नाही.

माझे एक मामा इस्रायलमधल्या अश्दोदला स्थायिक झालेत. माझ्या लग्नाआधी घरी मलिदा, म्हणजे ताट मांडून देवाचे आभार मानायचा आमचा विधी, होता, तेव्हा आले होते. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं, वर गुलाब. ताट बघून सगळ्यांसमोर म्हणाले, "हा कसला ज्यू धर्म, हा तर प्रसाद झाला." आजीचा चेहरा पडला. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून आज देते. त्या ताटातल्या खजुरावर झाडाच्या फळाची बेराखा, म्हणजे खाण्याआधीची आशीर्वादाची प्रार्थना, म्हणतात. केळ्यावर मात्र जमिनीच्या पिकाची, कारण केळीला लाकडाचं खोड नसतं, आपलं धर्मशास्त्र तिला झाड धरत नाही. सुवासाची बेराखा आणखी वेगळी. एलियाहू हनाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने मांडलेल्या एका ताटात एवढं शास्त्र आहे, आणि त्यांना फक्त पोहे दिसले!

मामांच्या मनातली भीती मला समजते. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलमध्ये रब्बींनी आपल्या लोकांची लग्नं अडवली, पूर्वजांच्या चौकशा केल्या. आंदोलनं झाली, तेव्हा कुठे 1964 साली तिथल्या सरकारने बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. अशा अनुभवानंतर माणूस आपलं कोकणीपण लपवायला लागतो. पण त्यासाठी म्हातारीच्या ताटाला नावं ठेवायची नसतात.

तेव्हा तुझ्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईजवळ बस. प्रमाण लिहून घे, आणि प्रत्येक पदार्थाला "असंच का?" हे विचार. त्या बेराखा देवनागरीत लिहून पाठ कर. ताटावर त्या तोंडाने म्हणता आल्या पाहिजेत, नुसतं खाऊन भागत नाही.

हिब्रू शिकू नकोस असं मात्र मी म्हणत नाहीये, पुढे शीकच. सिनेगॉगही सोडू नकोस. मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, दहा पुरुष लागतात, आणि नऊजण जमून दाराकडे डोळे लावून बसलेले मी पाहिलेत.