जळगावला नवीन घर घेतलंय. आवारात पक्षी यावेत आणि नीट पाहता यावेत म्हणून कोणतं फीडर आणि कोणती दुर्बीण घ्यावी? की खान्देशच्या उन्हात पक्षी येतच नाहीत?

फीडर घेऊच नका. दाणे टाकले की पारवे, होले, चिमण्या येतात आणि पारवे एकदा ठाण मांडून बसले की बाकीचे फिरकत नाहीत. शिंपी, नाचण, दयाळ, चिरक या पक्ष्यांना दाण्यांशी देणंघेणं नाही, त्यांना किडे लागतात. आवारात किडे राहू देणार का, एवढंच आधी ठरवा. यावरूनच माझं आणि थोरल्या भावाचं आजवर पटलेलं नाही.

आमचं घर यावलकडे. मागे परसात भरताची वांगी, एक अंजीर, कुंपणाला घाणेरी. त्या वर्षी भाव नाही म्हणून जून लागला तरी कापूस पुढच्या खोलीतच पडून होता. खिडकीच्या गजांना अडकलेले पुंजके एक शिंपीण येऊन ओढायची आणि घरामागे पळायची. मागावर राहिलो तर अंजिराचं खालचं एक पान द्रोणासारखं वळलेलं. पानाच्या कडेला चोचीने भोक पाडायचं, त्यातून कापसाचा तंतू ओढून घ्यायचा. बाहेर आलेलं टोक फुलतं, म्हणून गाठ न मारताही टाका निसटत नाही. शिवणकाम मादीच करते. नर शेजारच्या फांदीवर शेपटी ताठ करून टुविट-टुविट ओरडत असतो. एवढासा जीव, पण आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू येतो.

पिलं झाली तेव्हा दोघं मिळून पानांमागच्या हिरव्या अळ्या वेचून नेत होती. त्याच दिवसांत दादा पाठीवर पंप घेऊन परसात आला. कपाशीवर मारून उरलेलं औषध वांग्यांवर मारायचं होतं. मी नळी धरून ठेवली. "चिडीसाठी अळ्या पाळतो का रे?" म्हणाला. पुष्कळ बोलाचाली झाली, वहिनी मधे पडल्या, फवारा टळला आणि पिलं उडून गेली. कपाशीचं औषध घरच्या खायच्या भाजीवर मारणं मला तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही. अळ्यांवर विष मारायचं आणि वर पक्षी येत नाहीत म्हणायचं, असं चालत नाही.

उन्हाचं म्हणाल तर 1884 नंतर कोणाच्या नजरेस न पडलेला रानपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड, 1997 साली आपल्याच खान्देशात, शहाद्याजवळ सापडला. हिवाळ्यात हतनूर धरणाच्या पाण्यावर एकदा जाऊन या, बदकं बघा. उन्हाळ्यात फक्त पाणी ठेवा. मातीचं पसरट भांडं, दोन बोटं पाणी, मधे एक दगड, आणि सावलीत. रोज ओतून घासून भरायचं, नाहीतर डास होतात. मे महिन्यात आठच्या आत बघून घ्या, दुपारी सगळे चोच वासून सावलीला बसतात.

दुर्बीण आवारापुरती लागत नाही. घ्यायचीच असेल तर 8×42 पुरे, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची.

दादाचं एक खरं आहे, तेही सांगतो. वांग्याचा शेंडा पोखरणारी अळी आत असते, ती शिंप्याला सापडत नाही. सुकलेले शेंडे हाताने खुडून जाळावे लागतात. आणि मांजर असेल तर पाणी झुडपाला चिकटून ठेवू नका, दबा धरायला जागा मिळते.

नवीन घर म्हणजे ठेकेदार सगळं आवार पेव्हर ब्लॉकने झाकू म्हणणार. दादाने पुढचं अंगण तसंच करून घेतलं. पूर्वी तिथे चिरक आणि दयाळ मातीत किडे टिपायचे, आता पारव्यांशिवाय कोणी उतरत नाही. मागची बाजू तरी मातीची ठेवा, आणि पालापाचोळा रोज झाडून जाळू नका.