गॅस होणाऱ्या तान्ह्या बाळाला पालथं किंवा कुशीवर झोपवलं तर चालतं का?

तुमचं बाळ सात आठवड्यांचं आहे. उताणं ठेवलं की पाय पोटाशी घेऊन कुंथतं, लालबुंद होतं, आणि पालथं टाकलं की पाच मिनिटांत गाढ झोपतं, असं तुम्ही लिहिलंय. मग रात्री पालथंच का झोपवू नये, निदान कुशीवर, किंवा गादीखाली उशी सरकवून डोक्याकडची बाजू उंच करून, असं विचारलंय. आणि हे अजून किती दिवस चालणार, हेही.

आधी उत्तर देते, कारण रात्र व्हायच्या आत तुम्हाला ते हवं असणार. पालथं नाही, कुशीवर नाही, उतारावरही नाही. प्रत्येक झोपेला, दुपारच्या अर्ध्या तासाच्या डुलकीलासुद्धा, सपाट आणि टणक गादीवर उताणंच. मी डॉक्टर नाही. माझ्या मुलीच्या वेळी हाच प्रश्न घेऊन मी बालरोगतज्ज्ञांकडे गेले होते. त्यांनी जे समजावलं आणि पुढे मी जे वाचत गेले, त्यावरून हे लिहितेय.

पालथं बाळ जास्त शांत झोपतं, हे तुमचं निरीक्षण खरं आहे. पण ती शांतता फक्त पोटाला आराम पडल्याची नसते. पालथ्या बाळाची झोप मुळातच जास्त गाढ असते आणि त्याला सहज जाग येत नाही. एवढ्या लहान जिवाचं सगळं संरक्षण त्या जाग येण्यातच असतं. नाक गादीत दबलं, किंवा स्वतःच सोडलेली हवा तोंडाशी साचून तीच पुन्हा आत जायला लागली, तर बाळाने दचकून उठायला हवं, मान वळवायला हवी, रडायला हवं. पालथं असताना नेमकं हेच मंदावतं, अंगही जास्त तापतं. झोपेतच, काही कारण हाती न लागता तान्ही बाळं दगावतात, त्यातली बहुतेक सहा महिन्यांच्या आतली असतात आणि दोन ते चार महिने हा त्यातला सगळ्यात जोखमीचा काळ. तुमचं बाळ आता त्याच्या उंबरठ्यावर आहे, म्हणून इतकं ठामपणे सांगतेय.

घरातली मोठी माणसं म्हणतील, आम्ही तर सगळ्यांना पालथंच झोपवलं. त्यांचं चुकलं नव्हतं. तेव्हा कितीतरी देशांत डॉक्टरच तसं सांगत होते. १९९१ च्या सुमारास ब्रिटन आणि न्यूझीलंडमध्ये हा सल्ला बदलला. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पालथं न झोपवण्याची शिफारस केली. त्या वर्षी तिथे असे अचानक मृत्यू दर हजार जन्मांमागे सुमारे १.२ होते, २००१ पर्यंत ते ०.५६ च्या आसपास आले. मोठा बदल होता तो बाळाला कसं ठेवायचं एवढाच. माझ्या आईला मी हे आकडे सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली आणि त्या दिवसापासून नातीला उताणं ठेवायला तीच सगळ्यांना बजावू लागली.

पण आईला एक भीती होतीच, तुम्हालाही असेल: उताणं असताना बाळाने दूध काढलं तर ते घशात अडकणार नाही का? मला ज्या उत्तराने धीर आला ते असं. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका तिच्या खाली असते. वर आलेलं दूध श्वासनलिकेत शिरायला त्याला वर चढावं लागतं. बाळ ते गिळतं किंवा खोकून बाहेर टाकतं. पालथं केलं की हे उलटं होतं, दूध श्वासनलिकेच्या तोंडाशीच साचू शकतं. म्हणजे गुळण्या टाकणाऱ्या बाळालासुद्धा उताणंच बरं. अगदी थोड्या बाळांना वेगळी गरज असते, पण ते त्यांच्या डॉक्टरांनी तपासून ठरवायचं, आपण नाही.

कुशीचं म्हणाल तर ती स्थिती टिकत नाही. बाळ कलंडून पालथं होतं आणि स्वतःहून परत फिरायची ताकद त्याच्यात नसते. पाठीला दुपट्याची वळी किंवा लोड लावून अडवलं तर तीच वस्तू नाकातोंडाशी येऊ शकते. उतारावर डोकं पुढे झुकून हनुवटी छातीला टेकते आणि एवढीशी श्वासनलिका दबते. शिवाय उताराने गुळण्या कमी होत नाहीत आणि गॅसही सरत नाही. बाळांना झोपवायची १० अंशांपेक्षा जास्त उताराची साधनं अमेरिकेने २०२२ च्या कायद्याने बंदच केली. कार सीट किंवा झोका देणारी खुर्ची यांत डोळा लागला तर उचलून सपाट गादीवर ठेवा.

मग गॅसचं काय? त्याचा इलाज बाळ जागं असतानाच. दिवसा आणि प्रत्येक पाजण्याच्या आसपास जेवढी मेहनत कराल, तेवढी रात्र हलकी जाते, निदान आमच्याकडे तसं झालं. बाळ भुकेने कळवळून रडायच्या आधी पाजायला घ्या, कारण रडताना ते भरपूर हवा गिळतं. अंगावर पाजत असाल तर फक्त बोंडी नाही, भोवतालचा काळा भागही बराचसा तोंडात गेलाय ना ते पाहा. चपचप आवाज येत असेल तर सोडवून पुन्हा लावा. बाटली असेल तर तिचं तोंड दुधाने भरलेलं राहील अशी धरा. एका बाजूचं झालं की ढेकर काढा, मग दुसरी बाजू. पाजून झाल्यावर वीसेक मिनिटं खांद्याशी उभं धरा. ढेकर नाहीच आली तर हट्ट धरू नका, प्रत्येक वेळी ती येतेच असं नाही.

आणि पालथं करायचं ते इथे. आमच्या मुलीला सगळ्यात मानवलं ते हातावर पालथं घेणं: तिचं डोकं माझ्या कोपराच्या घडीपाशी, पोट माझ्या हातावर, पाय दोन्हीकडे लोंबते, आणि मी घरभर फिरायचे. चार-पाच फेऱ्यांत तिचं पोट मोकळं व्हायचं आणि ते ऐकूही यायचं! याशिवाय उताणं ठेवून पायांची सावकाश सायकल, दोन्ही गुडघे मिळून हलकेच पोटाकडे दाबून सोडणं. दिवसातून दोन-तीनदा, पाजल्या पाजल्या नव्हे, तीन ते पाच मिनिटं तुमच्या डोळ्यांसमोर पोटावर ठेवा आणि वेळ हळूहळू वाढवा. त्याने मानही बळकट होते आणि डोकं मागून चपटं व्हायची काळजी कमी होते. यातलं काहीही करताना डोळे मिटले की लगेच उताणं करून गादीवर.

गॅसचे थेंब मीही दिले होते. त्यातलं सिमेथिकोन तपासून पाहिलं गेलंय, पण रडणं कमी करण्यात ते नुसत्या पाण्यासारख्या नकली औषधाहून सरस ठरलेलं नाही. बाकीचं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात देऊ नका.

रात्रीच्या कुंथण्याबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. एवढ्या लहान बाळाची जवळजवळ अर्धी झोप चाळवलेली असते. डोळे मिटलेले आणि तरी ते कण्हतं, तोंड वेडंवाकडं करतं, हातपाय झाडतं. मी प्रत्येक आवाजाला धावून उचलायचे आणि गाढ न झोपलेल्या, पण झोपलेल्याच मुलीला स्वतः उठवायचे. डोळे मिटलेले असतील आणि रडणं नसेल तर मिनिट-दोन मिनिटं नुसतं पाहत थांबा. बऱ्याचदा वारा सरतो आणि बाळ आपोआप शांत होतं.

आता जे आठवलं की मला आजही धस्स होतं ते सांगते. मुलगी सहा आठवड्यांची होती. पहाटे तीनला ती छातीवर पालथी शांत झाली, म्हणून मी तशीच सोफ्यावर टेकले आणि मला झोप लागली. जाग आली तेव्हा ती घसरून माझा दंड आणि सोफ्याची पाठ यांच्या फटीत गेली होती, तोंड कापडाकडे. तिला काही झालं नाही. पण सोफा आणि आरामखुर्ची या बाळासोबत झोप लागण्याच्या सर्वांत धोकादायक जागांपैकी आहेत, हे मला त्यानंतर कळलं. तुम्ही थकलेल्या आहातच, तेव्हा डोळे मिटायला लागले तर बाळ दुसऱ्याच्या हाती द्या किंवा त्याच्या गादीवर ठेवा, रडत असलं तरी. उताणं, सुरक्षित जागी पाच मिनिटं रडलेल्या बाळाला इजा होत नाही. त्याची जागा तुमच्याच खोलीत, तुमच्याजवळ पण वेगळी असू द्या. त्यात उशी, जाड पांघरूण, खेळणी काही नको. दुपट्यात गुंडाळत असाल तर उताणंच, नितंबांशी सैल, आणि बाळ पालथं पडायची धडपड करू लागलं की गुंडाळणं बंद.

काही लक्षणं मात्र गॅसची नसतात. हिरवी उलटी, कारंज्यासारखी जोराची उलटी, शीमध्ये रक्त, टम्म आणि कडक पोट, ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, दूध सोडणं, वजन न वाढणं. यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा.

किती दिवस, तर रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोचतं आणि बहुतेक बाळांचं तीन-चार महिन्यांत ओसरतं. आमच्याकडे चौदाव्या आठवड्यात एका रात्री ती कुंथलीच नाही, आणि मीच दोनदा उठून तिचा श्वास चालू आहे ना ते पाहिलं. पुढे ती दोन्हीकडे स्वतःहून वळू लागल्यावर मी ठेवताना उताणंच ठेवायचे. झोपेत ती आपणहून पालथी झाली तर तशीच राहू द्यायला डॉक्टरांनी सांगितलं होतं.