सीआरपी आणि बीपी दोन्ही वाढलेत, मग सुजेची गोळी घेतली तर बीपी उतरेल का?

नका घेऊ. तुम्ही लिहिलंय की बीपी १५०/९६ आलं, सीआरपी (शरीरात दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन) ९ आलं, आणि 'बीपी म्हणजे मुळात आतली सूज' असं कुठेतरी वाचून घरातली डायक्लोफिनॅक ही दुखण्या-सुजेवरची गोळी सुरू करावीशी वाटतेय. वाचलेलं अर्धं खरं आहे, पंचाईत तिथेच आहे.

मी नवी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवतो, राहतो ठाण्यात, नौपाड्याला. खरं अर्ध आधी सांगतो.

'सूज' या शब्दाने घोळ होतो. मुरगळलेला पाय सुजतो ते वेगळं. इथे दाह म्हणू या: रोगप्रतिकारक पेशी नको त्या जागी ठाण मांडून रसायनं सोडत राहतात. २००७ साली अटलांटाच्या एमरी विद्यापीठात गुझिक आणि हॅरिसन यांच्या गटाने टी आणि बी पेशी (रोगप्रतिकारक पेशींचे दोन प्रकार) जन्मतःच नसलेले उंदीर घेऊन त्यांना बीपी चढवणारं अँजिओटेन्सिन दिलं. साध्या उंदरांचं बीपी चांगलंच चढलं, यांचं त्या मानाने फारच कमी. मग यांना बाहेरून टी पेशी दिल्या, तर यांचंही तसंच चढलं. बी पेशी देऊन मात्र तसं झालं नाही. हा प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगतो, मागच्या बाकावरचेही फोन खाली ठेवतात.

या पेशी मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांभोवतीच्या चरबीत शिरतात, इंटरल्यूकिन-१७ सारखी दाह वाढवणारी द्रव्यं सोडतात. रक्तवाहिन्या ताठरतात आणि मूत्रपिंड सोडियम बाहेर टाकायला कुचराई करतं. सोडियम राहिलं की पाणी राहतं, आणि दाब वाढतो. वर मिठाची आणखी एक खोडी: जास्त मिठात वाढवलेल्या टी पेशी हेच इंटरल्यूकिन-१७ बनवणाऱ्या प्रकाराकडे झुकतात, हे २०१३ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. पापड-लोणच्यावरून घरात होणाऱ्या भांडणात मी कोणाच्या बाजूने असतो ते कळलं असेल.

मग दाह मारला की बीपी उतरायला हवं ना? २०१७ मध्ये कॅनाकिनुमॅब या दाह कमी करणाऱ्या महागड्या इंजेक्शनची चाचणी जाहीर झाली, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांहून जास्त लोकांवर. सीआरपी उतरलं, पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाणही कमी झालं, पण बीपी तिथेच राहिलं. शिवाय जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू थोडे वाढले.

आणि डायक्लोफिनॅक तर या टी पेशींच्या वाटेलाही जात नाही. ती प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं अडवते. त्याने गुडघा शांत होतो, पण मूत्रपिंडाला मीठ-पाणी बाहेर टाकायला तीच प्रोस्टाग्लँडिन लागतात. आमच्या बाबांचंच सांगतो. टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी आणि पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी नेमाने घेऊनही बीपी १६८/९६. डॉक्टर डोस वाढवायच्या बेतात होते. चष्म्याच्या डबीत मला डायक्लोफिनॅकची अर्धी संपलेली स्ट्रिप सापडली, कोपऱ्यावरच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली. "ती गुडघ्याची रे, बीपीची नाही," म्हणाले. टेल्मिसार्टन, पाण्याची गोळी आणि वर ही, या तिघांच्या युतीने मूत्रपिंड बसू शकतं. गोळी बंद केल्यावर दोन आठवड्यांत १४०/८४.

तुमचं ९ सीआरपी नुसत्या सर्दीने किंवा सुजलेल्या हिरडीनेही येऊ शकतं. दोन-तीन आठवड्यांनी, बरे असताना, पुन्हा करा. बीपी घरी सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून मोजा आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. सोबत घरातल्या सगळ्या गोळ्या न्या, दुखण्यावरच्या सगळ्यात आधी. हळदीचं दूध आवडत असेल तर खुशाल प्या, बीपीचं औषध म्हणून नको.

बाबा आता गुडघ्याला शेक देतात आणि तलावपाळीला एक फेरी मारून बाकावर बसतात. चष्म्याची डबी मी अजून अधूनमधून उघडून बघतो.