खान्देशात बसून इलेक्ट्रॉनिक म्युझिक बनवतोय, या गर्दीत वेगळा कसा उठून दिसू?

प्रश्न विचारणारा चोपड्याचा १९ वर्षांचा मुलगा आहे, दोन वर्षांपासून एफएल स्टुडिओ या गाणी बनवायच्या सॉफ्टवेअरवर हाऊस आणि टेक्नो हे नाचाच्या ठेक्याचे प्रकार बनवतोय, मिक्सिंग म्हणजे सगळे आवाज एकमेकांत बसवणं शिकला, प्लगइन म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायची वाद्यं-इफेक्ट जमवले, तरी ट्रॅक बाकीच्यांसारखाच वाटतो म्हणतोय, आणि पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय काही होईल का असंही विचारलंय. भाऊ, वयाने लहान आहेस म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नको. मी अमळनेरचा, जळगावला एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया बनवणाऱ्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो आणि नऊ वर्षांपासून रात्री हेच करतो, त्यामुळे तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही.

तुझे ट्रॅक मी ऐकले नाहीत. पण बाकीच्यांसारखं वाटतंय म्हणजे बहुतेक वेळा कच्चा मालच बाकीच्यांचा असतो, तोच किक म्हणजे खालचा धप्प ठोका, तोच क्लॅप म्हणजे टाळीचा आवाज, त्याच सॅम्पल पॅकमधला (तयार आवाजांच्या संचातला) बाईचा आवाज, आणि मग आपण मिक्सिंगमध्ये डोकं घालून बसतो की वेगळेपणा तिथून येईल. तिथून नाही येत रे. मी चौथ्या वर्षी एक ट्रॅक काढला होता, जीव ओतून, त्यात एका विकत घेतलेल्या पॅकमधला गाण्याचा तुकडा होता, रॉयल्टी-फ्री लिहिलेला. अपलोड केला आणि तिसऱ्या दिवशी कॉपीराइट क्लेम आला, कारण तोच तुकडा दुसऱ्या कोणीतरी माझ्याआधी त्याच्या गाण्यात वापरून ते गाणं नोंदवलेलं होतं आणि गाणी आपोआप तपासणाऱ्या मशीनला वाटलं मी त्याचं उचललं. भांडून क्लेम निघाला, महिना गेला. पण मला खरं लागलं ते वेगळंच, की मशीनला सुद्धा माझं आणि त्याचं गाणं सारखं वाटलं.

आता लूमचं, म्हणजे चटई विणायच्या मागाचं सांगतो, हे जरा लांबेल.

आमच्या शेडमध्ये कोपऱ्यात एक जुना लूम होता. रोज आठ तास तो माझ्यासमोर वाजायचा आणि मला कधी ऐकूच आला नाही, कारण सगळे लूम एकदम चालू असले की नुसता एक गोंगाट असतो आणि आपण कानाला बोळा लावून फिरत असतो. एका नाईट शिफ्टला लाईट गेली. सगळी शेड एकदम गप्प. अर्ध्या तासाने लाईट आली तेव्हा लूम एकेक करून चालू करायचे होते आणि पहिला चालू केला तो कोपऱ्यातला. खट, खट, खट, खटक-धप. मी बोर्डाजवळ उभाच राहिलो भाऊ. ऑपरेटर ओरडतोय पुढचा चालू कर म्हणून आणि मी त्याला म्हणतोय दोन मिनिटं थांब. मोबाईल काढला, चार मिनिटं रेकॉर्ड केलं.

घरी येऊन कॉम्प्युटरवर टाकलं, ठोके मोजले तर मिनिटाला ११८ च्या जवळपास, म्हणजे हाऊसचाच वेग. पण वेव्ह मोठी करून बघितली तर चौथा ठोका दर वेळी थोडा उशिरा पडायचा, २५-३० मिलिसेकंद. ११८ च्या स्पीडला सोळावा भाग साधारण १२७ मिलिसेकंदांचा असतो, तर ३० चा उशीर कानाला चुकीचा नाही वाटत, अंगाला मात्र कळतो, मान आपोआप मागे जाते. पहिल्या दिवशी मी काय केलं, सवयीने सगळं क्वांटाइझ केलं, ठोके ग्रिडवर बसवले. मेलं ते. मग उलटं केलं, लूमला तसंच ठेवलं, एफएलच्या स्लाइसेक्स या टूलमध्ये त्याचे तुकडे केले आणि माझा किक, हॅट (झांजेसारखा बारीक ठोका), बेस सगळं त्याच्या मागे चालवलं. त्या ट्रॅकबद्दल पहिल्यांदा अनोळखी माणसांचे मेसेज आले की हा ठेका कुठला.

चौथा ठोका उशिरा का पडायचा तर त्याचा पट्टा ढिला होता. महिन्याभराने तो पट्टा मीच बदलला, ड्युटीच होती, आणि ती लय गेली. आता ती फक्त माझ्या त्या चार मिनिटांत आहे, जगात कोणाच्याच पॅकमध्ये नाही. तू वेगळं कसं दिसायचं विचारतोयस तर माझ्याकडे याच्यापेक्षा खरं उत्तर नाही.

पण एक सावध करतो, कारण यात मी पण पडलोय आणि आपल्याकडची बरीच पोरं पडतात. आपलं काहीतरी टाकायचं म्हणून हाऊसच्या तयार ठेक्यावर ढोल चिकटवायचा, वर पावरी या आपल्याकडच्या फुंकवाद्याची धून टाकायची आणि झालं खान्देशी टेक्नो. तसं नाही होत. कानबाईच्या रात्री, श्रावणातल्या त्या रविवारी, आमच्याकडे बायका जागरणाला बसतात, तेव्हा मी मोठ्या मायला, म्हणजे थोरल्या काकूंना विचारून त्यांचं गाणं रेकॉर्ड केलं होतं. (विचारून कर हं, ती गाणी घरातली असतात आणि देवीची असतात.) त्याचे तुकडे करून चार-चारच्या चौकटीत बसवले, खाली किक, आणि मोठ्या हौसेने मोठ्या मायला ऐकवलं. ती म्हणाली, हाई काय शे रे? तिला तिचाच आवाज ओळखू आला नाही.

मग मी वर्षभर ते रेकॉर्डिंग नुसतं ऐकलं. तेव्हा कळलं की एकजण ओळ म्हणते, मग सगळ्या मिळून उचलतात, आणि मधे एक श्वासाची जागा आहे जी कधीच सारखी नसते, आणि आमच्या घरच्या त्या गाण्याची ओळ आठ बारला (चार ठोक्यांचा एक बार) संपतच नाही, सहाला संपते. मी आवाज सगळा काढून टाकला. नुसती ती रचना ठेवली, एका सिंथने (इलेक्ट्रॉनिक सुरांचं वाद्य) ओळ म्हणायची, सहा बार, मग जागा सोडायची, मग बाकीचे सिंथ उचलणार. कुठे ढोल नाही, काही नाही. तो ट्रॅक स्वयंपाकघरात लावला होता, मोठी माय भाकरी थापत होती, मी सांगितलं पण नव्हतं, आणि त्या सोडलेल्या जागेत तिने हळूच तिची ओळ म्हटली.

साधनांचं म्हणशील तर रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ या छोट्या बेस वाजवणाऱ्या मशीनचं उदाहरण माझ्या डोक्यात कायम असतं. १९८१ ला निघालं, बेस गिटारवाल्याच्या जागी वापरता यावं म्हणून, पण बेस गिटारसारखं वाजेच ना, म्हणून १९८४ ला बंद झालं आणि सेकंडहँड स्वस्तात मिळायला लागलं. शिकागोच्या पोरांनी ते घेतलं, बटणं पिळली आणि तो जो चिरकत वर-खाली जाणारा आवाज निघाला त्यातून ॲसिड हाऊस हा हाऊसचा प्रकार उभा राहिला. आणि त्यांच्याही आधी, १९८२ मध्ये, मुंबईत चरणजित सिंग नावाच्या वादकाने, जो हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा, तेच मशीन आणि टीआर-८०८ हे रोलँडचं ड्रम मशीन घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवून ठेवले होते. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे आणि रागाला मींड, म्हणजे सुरांमधली तशीच घसरण लागते, त्याच्या हातात राग होता म्हणून त्याला त्या मशीनमध्ये ते दिसलं. तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही, २०१० ला ती रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या लोकांनी कान टवकारले. तर नवीन प्लगइन घेण्याआधी आपल्या हातात आधीच काय आहे ते बघ. लग्नाच्या बँडवाल्यांकडे जुने कीबोर्ड पडलेले असतात, एखाददुसरी पट्टी गेलेली, मी एक असाच घेतलाय आणि त्याच्या तारसप्तकात एक घरघर आहे, ती मला कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये मिळाली नाही.

मिक्सिंगवर फार लिहीत नाही, तुला येतं म्हणतोस. एकच, जे इथे राहून मला शिकावं लागलं. आपले ऐकणारे एकतर मोबाईलच्या स्पीकरवर ऐकतात नाहीतर डीजेच्या गाडीवर, मधलं काही नाही. ५० हर्ट्झचा बेस गाडीवर छाती हलवतो आणि मोबाईलवर अजिबात ऐकू येत नाही, तो एवढासा स्पीकर इतकं खालचं काढूच शकत नाही. म्हणून बेसला थोडं सॅच्युरेशन दे, म्हणजे आवाज जरासा कुरकुरीत कर, त्याने १००, १५०, २०० वरचे सूर तयार होतात आणि ते ऐकून कान खालचा मूळ सूर स्वतःच भरून काढतो. आणि खालचं सगळं मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकसारखं ठेव. लाऊडनेसच्या मागे लागू नको, स्पॉटिफाय तसंही सगळ्यांना उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या जोराचं माप) आसपास आणून ठेवतं.

पैशाचं खरं सांगतो, स्ट्रीमिंगवर सुरुवातीला धरू नको. २०२४ पासून स्पॉटिफायवर एका गाण्याला १२ महिन्यांत १००० स्ट्रीम झाल्याशिवाय रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. आणि एफएलचं क्रॅक म्हणजे चोरीचं व्हर्जन वापरत असशील तर पैसे साठवून साधं एडिशन घे, एकदा घेतलं की पुढचे अपडेट आयुष्यभर फुकट असतात. ट्रायलवर सेव्ह केलेला प्रोजेक्ट विकत घेईपर्यंत परत उघडत नाही, हे माहीत नसल्यामुळे रडलेले लोक मी पाहिलेत.

राहिलं पुणे-मुंबई. जाऊन ये, तिथे मोठ्या सिस्टीमवर आपला ट्रॅक ऐकणं आणि आपल्यासारखी चार माणसं भेटणं, याला किंमत आहे. पण बनवायला तिथे जावं लागतं असं नाही. डेट्रॉइट टेक्नो ज्या तिघांच्या नावाने ओळखतात ते हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन हे डेट्रॉइटच्या बाहेर बेलव्हिल नावाच्या लहान गावात शाळेत असताना एकत्र आले. तुला चोपड्यात असे दोघं शोधायचे आहेत, जे तुझा अर्धवट ट्रॅक ऐकून तोंडावर सांगतील की इथे कंटाळा आला. आणि अर्धवट ठेवू नको, कितीही वाईट वाटला तरी महिन्याला एक पूर्ण कर. माझे पहिले बावीस कोणाला ऐकवण्यासारखे नाहीत, पण ते संपवले नसते तर लूम समोर आल्यावर त्याचं काय करायचं हे मला कळलंच नसतं.

तुमच्याकडे कापूस आहे, दिवाळीनंतर जिनिंग चालू झाल्या की तिथून सुरू कर. मालकाला आधी विचार, बहुतेक हो म्हणतात. वॉर्निंग अशी की मोबाईल मशीनच्या फार जवळ नेऊ नको, रुईचे बारीक तंतू माइकच्या छिद्रात बसतात आणि मग सगळं रेकॉर्डिंग गोधडीतून आल्यासारखं येतं. चार-पाच हात लांब उभा राहा, पातळ रुमाल एकेरी गुंडाळ, आणि मशीन चालू व्हायच्या आधीच रेकॉर्डिंग दाबून ठेव, ती वेग पकडत जाते ना, तो पहिला अर्धा मिनिट सोडायचा नाही.