सुटलेलं नख परत चिकटत नाही, पण नवं नख चिकटून येतं

प्रश्न : माझं वय ४१. पोळी-भाजी केंद्र चालवते. चार महिन्यांपासून उजव्या हाताची तीन नखं टोकाकडून पांढरी पडून सुटत चालली आहेत. दुखत नाही. आत कणीक अडकते, म्हणून रोज रात्री सेफ्टी पिनने साफ करते. दुकानातून आणलेलं बुरशीचं मलम महिनाभर लावलं, फरक नाही. शेजारच्या काकू म्हणतात, कॅल्शियम कमी असेल. नख परत चिकटेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आज रात्रीपासून ती सेफ्टी पिन वापरू नका. बाकी सगळं त्यानंतर.

नख जिथे बोटाच्या टोकाला सुटं होतं, तिथे ते खालच्या कातडीला एका अरुंद पट्टीने घट्ट जोडलेलं असतं. पाणी, साबण, पीठ आत जाऊ नये यासाठीची ती कड आहे. पिन, काडी किंवा नेलकटरची टोकदार पट्टी आत घातली की ही कड तुटते. मग पोकळी थोडी आत सरकते, तिथे पुन्हा मळ साठतो, तो काढायला पिन आणखी आत जाते. नख सुटण्याचं काम बऱ्याचदा अशी ‘स्वच्छता’च करत असते. तुमच्या बाबतीत दिवसभराचं पाणी, भांड्यांचा साबण आणि कणीक मळताना नखाच्या टोकावर येणारा ताणही आहे. ओलं नख फुगतं, वाळलं की आकसतं, आणि दिवसात पंधरा-वीस वेळा असं झालं की जोड ढिला पडतो. पांढरा दिसतो तो रंग नखाखाली शिरलेल्या हवेचा.

कॅल्शियमचा याच्याशी संबंध नाही. त्या गोळ्यांवर पैसे घालवू नका.

बुरशी असेलच असंही नाही. सुटलेल्या नखाखाली कँडिडा नावाची बुरशी सापडते, पण पुष्कळदा ती ओलाव्यामुळे मागाहून आलेली असते. जागा कोरडी राहिली की ती टिकत नाही. शिवाय नखावरून लावलेलं साधं मलम नखातून आत फारसं उतरत नाही. घरातली ट्यूब वाचून बघा : क्लोबेटासोल किंवा बेक्लोमेथासोन लिहिलं असेल तर त्यात स्टेरॉइड आहे, आणि बुरशी असलीच तर ते तिला वाढू देतं.

नख जाड, पिवळं, भुसभुशीत झालं असेल किंवा पायाच्या बोटांच्या बेचक्यांतही खाज असेल, तर बुरशीची तपासणी करून घ्या. मलम दोन आठवडे बंद ठेवून जा. नख पोकळीच्या आतल्या टोकापर्यंत कापून तिथला भुसा खरवडून घ्यायला हवा. नुसतं पुढचं टोक दिलं तर बुरशी असूनही अहवाल कोरा येतो. बुरशी सिद्ध झाल्यावर हाताच्या नखांसाठी टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज एक, सहा आठवडे, असा नेहमीचा क्रम असतो. आधी यकृताची रक्ततपासणी लागू शकते, त्यामुळे ही गोळी स्वतःहून घेऊ नका.

आता घरचं काम. सुटलेला भाग नेलकटरने थोडा थोडा कापा, चिकटलेल्या रेषेपर्यंत आणा, दुखलं की थांबा. ओढून काढायचा नाही. आठवड्यातून एकदा पुन्हा कापा. पोकळीच उरली नाही की पाणी कुठे थांबणार? बोट दोन-तीन महिने बुटकं दिसेल, ते चालवून घ्या. भांडी घासताना आत पातळ सुती मोजे आणि वरून रबरी मोजे घाला. नुसत्या रबरी मोज्यांत घाम साठतो आणि व्हायचं तेच होतं. सुती मोज्यांच्या तीन-चार जोड्या ठेवा, ओले झाले की बदला. कणीक मळायचं काम निदान दोन महिने दुसऱ्या कोणाकडे द्या. लिंबू, टोमॅटो, मिरची चिरतानाही मोजे हवेत. हात धुतल्यावर टोकं टिपून कोरडी करा. हेअर ड्रायर असेल तर गार हवेवर मिनिटभर धरा. व्हॅसलीन हाताच्या मागच्या कातडीला लावा, नखाखाली भरू नका.

सुटलेला भाग परत चिकटत नाही. मुळाकडून येणारं नवं नख मात्र चिकटून येतं, महिन्याला साधारण ३ मिलिमीटर. म्हणजे पूर्ण नख यायला चार ते सहा महिने. दर १ तारखेला नखाशेजारी पट्टी धरून फोटो काढा. जोडाची रेषा पुढे सरकत असेल तर मार्ग बरोबर आहे. दिरंगाई मात्र नको : फार काळ उघडी राहिलेली कातडी निबर होते आणि मग तिच्यावर नख धरत नाही.

सुटलेल्या भागाच्या कडेला तांबूस पट्टा, नखावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे, डोक्यात किंवा कोपरावर खवले असतील तर सोरायसिसची शक्यता असते. अनेक नखं सुटली आणि वजन घटतंय, छाती धडधडतेय, तर थायरॉइड तपासा. एकच नख महिनोन् महिने सुटलेलं, खाली चामखिळीसारखी वाढ, रक्त येणं किंवा काळी रेघ असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नका. तिथे तुकडा काढून तपासावा लागतो.

प्रश्न : सुटलेल्या नखाखाली हिरवा डाग दिसतोय. – एक वाचक, सातारा

उत्तर : हे ओलाव्यात वाढणाऱ्या स्यूडोमोनास जिवाणूचं काम. सुटलेलं नख कापा. एक भाग पांढरं व्हिनेगर, चार भाग पाणी, यात बोट ५ ते १० मिनिटं दिवसातून दोनदा बुडवा आणि नंतर पूर्ण कोरडं करा. नखात मुरलेला रंग नख वाढून पुढे जाईपर्यंत दिसतच राहतो, त्याने घाबरू नका. मधुमेह असेल किंवा बोट सुजून ठणकत असेल तर घरी प्रयोग नकोत.

प्रश्न : जेल एक्स्टेंशन काढल्यावर नखं सुटली. बोटांना खाजही येते. – एक वाचक, पुणे

उत्तर : लांब नख तरफेसारखं काम करतं, टोकाला लागलेला हलका धक्काही मुळाशी मोठा होतो. शिवाय खरवडून काढताना जोड तुटतो. पण खाज आहे, म्हणजे जेलमधल्या अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी असू शकते. पॅच टेस्ट, म्हणजे कातडीवर पट्ट्या लावून करायची अ‍ॅलर्जीची तपासणी, करून घ्या. ही अ‍ॅलर्जी सहसा कायमची राहते, आणि दातांत भरायच्या काही सिमेंटमध्येही अ‍ॅक्रिलेट असतं, तेव्हा दंतवैद्यांना सांगून ठेवा. नखं पूर्ण वाढेपर्यंत पॉलिश, रिमूव्हर, जेल, काहीच नको.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा. मुरमांसाठी डॉक्सीसायक्लिन चालू आहे. क्रिकेटच्या शिबिरानंतर बरीच नखं एकदम दुखून सुटली. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : या औषधावर असताना कडक ऊन लागलं की असं होतं. अंगठा बहुधा वाचतो, कारण त्यावर ऊन कमी पडतं. औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांना लगेच कळवा, ते बदलून देतील. तोवर ऊन टाळा. नखं पुढे नीट येतात.

प्रश्न : गड उतरून आल्यावर पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडून सुटायला लागलंय. – एक वाचक, ठाणे

उत्तर : उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि नख टोकावर आपटत राहतं. खाली रक्त साकळतं. सुटलेलं कापत राहा. पायाचं नख महिन्याला जेमतेम १ ते १.५ मिलिमीटर वाढतं, पूर्ण यायला वर्ष ते दीड वर्ष जातं. बूट संध्याकाळी घ्या, सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा ठेवा आणि उतरण्याआधी घोट्याजवळची नाडी आवळून बांधा. काळा डाग नखाबरोबर पुढे सरकतो का, ते दोन महिने फोटो काढून बघा. रक्त असेल तर सरकेल आणि मुळाकडे स्वच्छ नख दिसेल. जागचा हलला नाही, रुंद झाला किंवा कातडीवर पसरला, तर त्याच आठवड्यात दाखवा.