जुन्या एमजीबीचे मीटर कोणाकडे द्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९६६ ची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार), पॉझिटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं), स्मिथ्स कंपनीचे मूळ मीटर. स्पीडोमीटरचा काटा थरथरतो, पेट्रोलचा काटा कायम जास्त दाखवतो, तापमानाचा काटा जागचा हलत नाही आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवल्यापासून आरपीएम मीटर (इंजिनचे मिनिटामागचे फेरे दाखवणारा) बंद आहे. मीटर पुण्यातल्याच मीटरवाल्याकडे द्यावेत की सगळा संच इंग्लंडला पाठवावा, असं तुम्ही विचारलंय.

आधी एक सांगतो. या चार तक्रारींपैकी दोन-तीन बहुधा मीटरच्या नाहीतच, गाडीच्या आहेत. मीटर काढून कुरिअरमध्ये टाकण्याआधी एक सकाळ गाडीखाली आणि डॅशबोर्डखाली घाला. नाहीतर पैसे भरून चकचकीत केलेला मीटर परत येईल आणि तसाच थरथरेल.

स्पीडोमीटरपासून सुरू करा. काटा ताशी १०-२० मैलांवर नाचत असेल आणि वेग वाढला की स्थिर होत असेल, तर दोष केबलचा, म्हणजे गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत फेरे पोचवणाऱ्या तारेचा. सगळ्याच वेगांना नाचत असेल किंवा मध्येच अडकून झटक्याने पुढे जात असेल, तर मीटरच्या आत बघावं लागेल. केबलची आतली तार बाहेर काढा, पुसा आणि टेबलावर सरळ ठेवून बोटांनी फिरवा. ती उड्या मारत फिरली तर वाकलेली आहे, बदलून टाका. ठीक असेल तर हलकं ग्रीस लावून आत घाला, मग मीटरच्या बाजूने साधारण २० सेंटीमीटर परत ओढा, तेवढा भाग कोरडा पुसा आणि पुन्हा ढकला. हा शेवटचा टप्पा आपल्याकडे कोणी करत नाही. भरपूर ग्रीस भरलं की ते फिरत्या तारेवरून वर चढतं आणि मीटरच्या आत जाऊन घट्ट होतं. ‘मीटर जाम झाला’ म्हणून येणारे कितीतरी स्पीडोमीटर उघडले की आत हेच सापडतं. केबलला कुठेही १५ सेंटीमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण नको, आणि मीटरला जोडण्याआधीचे शेवटचे पाच सेंटीमीटर सरळ हवेत.

पेट्रोलचा काटा. तुमच्या गाडीतला हा मीटर द्विधातू पट्टीचा, म्हणजे दोन धातू जोडून केलेल्या पट्टीचा आहे. वीज गेली की पट्टी तापते, वाकते आणि काटा हळूहळू सरकतो. त्याला १२ नव्हे, सरासरी १० व्होल्ट लागतात आणि ते देतो डॅशबोर्डमागचा छोटा डबीसारखा स्टॅबिलायझर. या डबीचं अर्थिंग गंजलं की ती नियंत्रण करणं सोडते, मीटरला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात आणि काटा जास्त दाखवतो. तुमचं लक्षण अगदी हेच आहे. डबी काढा, तिची पाठ आणि बसण्याची जागा घासून पत्रा उघडा करा आणि B व E ही अक्षरं वरच्या बाजूला ठेवून बसवा. आत तापणारी पट्टी असल्यामुळे आडवी बसवलेली डबी चुकीचा व्होल्टेज देते. फिकट हिरव्या तारेवर टेस्ट लॅम्प लावला तर तो लुकलुकला पाहिजे. एकसारखा जळत राहिला, तर डबी बदला. मीटर तपासायला त्याला थेट १२ व्होल्ट लावू नका. गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनची ही सवय आतली नाजूक गुंडाळी जाळते.

टाकीतला सेंडर, म्हणजे पेट्रोलची पातळी मीटरला कळवणारा भाग, तोही मोजून घ्या. या प्रकारात टाकी रिकामी असताना साधारण २४० ओहम आणि भरलेली असताना साधारण २० ते ३० ओहम यायला हवेत. तार सेंडरपासून काढली की काटा ‘रिकामी’वर यायला हवा. तरीही वर राहिला, तर तार कुठेतरी पत्र्याला लागलेली आहे.

तापमानाचा मीटर मात्र खरोखरच कारागिराचं काम आहे. ऑइल प्रेशर आणि तापमान एकाच डबीत आहेत, आणि तापमानाच्या बाजूला केसासारखी बारीक तांब्याची नळी आहे. तिच्यात इथर असतो. इंजिनच्या हेडमध्ये बसलेल्या, नळीच्या टोकाच्या धातूच्या बल्बमध्ये तो तापतो, त्याचा दाब वाढतो आणि काटा हलवतो. नळीला एक तडा गेला की इथर उडून जातो, संपलं. मीटर काढताना नळी तुटण्याची जागाही ठरलेली: बल्बचं नट. साठ वर्षांत ते बल्बला चिकटून बसलेलं असतं. पाना लावला की नटाबरोबर बल्ब फिरतो, बल्बाबरोबर नळी पिळली जाते आणि मुळाशीच तुटते. तुमची नळी आधीच गेलेली असली, तरी बल्ब आणि डबी कारागिराला लागतातच. दोन दिवस आधीपासून रस्ट रिमूव्हर सोडत राहा. नट फिरवताना बल्बकडे बघा, नळी जरा जरी फिरताना दिसली तर थांबा.

आरपीएम मीटर. तुमच्या सालच्या गाडीत तो करंट मोजणारा आहे, डायलवर RVI ने सुरू होणारा नंबर दिसेल. इग्निशन कॉइलला जाणारी पांढरी तार मीटरच्या पाठीमागच्या फासातून जाते आणि मीटर तिच्यातले करंटचे ठोके मोजतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशनमुळे ठोक्यांचा आकार बदलतो आणि काही मीटर ते ओळखत नाहीत. काम झालं तेव्हा कोणी तार फासातून उलटी घातली असेल, तरी मीटर बंद पडतो. मीटर काढण्याआधी तेवढं तपासा. पुढे कधी गाडी निगेटिव्ह अर्थ करायचा विचार असेल, तर ते आत्ताच ठरवा. तेव्हा फासाची दिशा आणि मीटरच्या आतल्या जोडण्या, दोन्ही बदलाव्या लागतात, आणि मीटर उघडलेला असतानाच ते होऊन जातं.

आता कारागीर. फोटो सगळ्यांचेच सुंदर असतात. त्यावर जाऊ नका. पहिल्या फोनवर तो तुम्हाला काय विचारतो ते ऐका. मीटर ही गाडीची मोजपट्टी आहे. ज्याला डिफरन्शियल, टायर, गिअरबॉक्स, अर्थिंग आणि सेंडर यांची चौकशी करावीशी वाटत नाही, तो डायल रंगवू शकेल, पण मीटर जुळवू शकणार नाही.

स्मिथ्सच्या स्पीडोमीटरच्या डायलवर खाली बारीक अक्षरांत SN ने सुरू होणारा नंबर असतो आणि शेजारी एक आकडा, उदाहरणार्थ १२८०. तो मैलामागे केबलचे फेरे. हा आकडा तुमच्या गाडीशी जुळतो का ते स्वतः मोजा, कारण अर्ध्या शतकात गिअरबॉक्स किंवा मीटर, काहीही बदललेलं असू शकतं. केबल मीटरपासून सोडवा, तारेच्या टोकाला पुठ्ठ्याचा काटा लावा, जमिनीवर २० मीटर मोजून गाडी सरळ ढकला आणि फेरे मोजा, पाव फेऱ्यापर्यंत. आलेला आकडा गुणिले ५० म्हणजे किलोमीटरमागे फेरे, त्याला १.६०९ ने गुणलं की मैलामागे. टायरमधली हवा नेहमीची हवी. दोन-तीनदा मोजून सरासरी काढा आणि ती कारागिराला लेखी द्या.

आता त्याला विचारा: तपासणी कशी करता? ताशी ६० मैल म्हणजे मिनिटाला एक मैल. म्हणून १२८० च्या मीटरला मिनिटाला १२८० फेरे दिले की काटा ६० वर आणि ६४० दिले की ३० वर यायला हवा. हे त्याला तोंडपाठ असलं पाहिजे. ‘रोडवर चालवून बघतो’ हे उत्तर मिळालं तर नमस्कार करा. वेग बदलता येणारी मोटर आणि फेरे मोजणारा टॅकोमीटर एवढं असलं, तरी पुण्यातला माणूस हे काम नीट करू शकतो. इंग्लंडच लागतं असं नाही.

पुढचा प्रश्न ओडोमीटरचा. काटा चुंबक आणि केसाइतकी बारीक स्प्रिंग यांवर चालतो. काटा कमी दाखवत असेल तर चुंबक पुन्हा भारता येतो, स्प्रिंगचा ताण बदलता येतो. ओडोमीटर मात्र निव्वळ दातेरी चाकांवर चालतो, तो ताणून जुळत नाही. काटा बरोबर आणि अंतर चुकीचं असेल, तर आतली चाकं दुसऱ्या मीटरची आहेत किंवा मीटरच दुसऱ्या गाडीचा आहे. हा फरक जो न विचारता समजावून सांगतो, त्याच्याकडे मीटर निर्धास्त द्या. ओडोमीटरचं वाचन आहे तसंच ठेवायला लेखी सांगा आणि पाठवण्याआधी फोटो काढा.

डायलबद्दल माझं मत ठाम आहे. मूळ डायल थोडा पिवळसर, थोडा फिकट असला तरी अक्षरं वाचता येत असतील तर तो तसाच ठेवा. नुसता मऊ ब्रश. थिनर, स्पिरिट, काच पुसायचं लिक्विड, काहीच नको. अक्षरं पहिल्याच पुसण्यात बोळ्यावर येतात. छपाई करावीच लागली तर ती स्क्रीन प्रिंटिंगची हवी. नमुना मागवा आणि दहापट भिंगाखाली बघा. स्क्रीनच्या अक्षराची कड स्वच्छ असते आणि तिरप्या उजेडात शाईचा थर उठून दिसतो. डिजिटल छपाईत कडेला ठिपके दिसतात आणि काळा रंग करडा वाटतो. पुण्या-मुंबईत स्क्रीन प्रिंटिंगचे फार हुशार लोक आहेत. अडचण मूळ नंबर आणि बारीक अक्षरं टिपण्याची असते, ती सगळी पुन्हा यायला हवीत असं आधीच ठरवा.

रिमच्या क्रोमिंगला कारागीर बहुधा बाहेरच देतो, तेव्हा ते कोण करतं हे विचारा. पत्रा पातळ असतो, जास्त बफिंग झालं की कडा गोल होतात आणि मागच्या पकडी कमकुवत होतात. काचेखालचं रबर नवीन हवंच, नाहीतर आपल्या पावसाळ्यात काचेला आतून दव धरेल. रबराऐवजी सिलिकॉन मारणाऱ्यांपासून सावध राहा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, ते बंद डबीत अडकतं आणि आतला धातू खातं. डबीचा आतला पांढरा रंगही पुन्हा द्यायला सांगा, रात्रीचा उजेड त्याच्यावरूनच डायलवर पडतो. उजेडाचे बल्ब १२ व्होल्ट, २.२ वॅटचे मूळचेच बरे. एलईडी लावायचा असेल तर पॉझिटिव्ह अर्थवर चालणारा बघून घ्या.

मग कोणाला काय द्यायचं? स्पीडोमीटर इथेच, वरची परीक्षा पास होणाऱ्याला. पेट्रोलचा मीटर, स्टॅबिलायझर आणि सेंडर दुरुस्त झाल्यावरही चुकत असेल तरच. तापमान-ऑइलचा जोड मीटर आणि आरपीएम मीटर इंग्लंडला पाठवायला माझी हरकत नाही. वेल्समधली केअरबॉन्ट ही कंपनी आजही स्मिथ्स नावाने क्लासिक मीटर बनवते, आणि ब्रिटनमध्ये फक्त इथरच्या नळ्या भरणारे कारागीरही आहेत. इथे नळी जोडून देणारा भेटला तर बल्ब उकळत्या पाण्यात धरून समोर तपासायला सांगा. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून काटा १०० वर आणायचा हट्ट नको. शेजारी थर्मामीटर ठेवा. आरपीएम मीटरसाठी विचारा की मूळ सर्किट दुरुस्त करणार की आत नवीन बोर्ड घालणार. तुमचं इग्निशन इलेक्ट्रॉनिकच राहणार असेल तर नवीन, व्होल्टेजवर चालणारा बोर्ड व्यवहारी आहे, मात्र त्याला कॉइलपासून वेगळी तार न्यावी लागते.

परदेशी पाठवताना कागदांवर ‘दुरुस्तीसाठी, परत येणार’ असं स्पष्ट लिहा आणि मीटरचे नंबर व फोटो जोडा. परत येताना वस्तू तीच आहे हे दाखवता आलं नाही, तर पूर्ण किमतीवर कस्टम ड्युटी लागण्याचा धोका आहे. नळीचं सैल वेटोळं करा, बल्ब वेगळा गुंडाळा, आणि खोक्यात खोकं ठेवा.

याच धाग्यावर कोणाकडे युद्धकाळातली जीप किंवा त्याआधीच्या गाड्या असतील तर त्यांच्यासाठी: रात्री चमकणाऱ्या रंगाचा डायल घरी उघडू नका. त्यात रेडियम असू शकतं. चमक गेली म्हणजे फक्त त्यातलं झिंक सल्फाइड थकलं. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षांचं आहे आणि सुटलेली भुकटी श्वासात जाणं हाच खरा धोका. असं काम घेणाऱ्याला ते कसं हाताळणार हे आधी विचारा.

मीटर परत आल्यावर ३०, ६० आणि ९० मैलांना काटा कुठे होता याचा कागद मागा. जोड मीटर बसवताना ऑइलच्या नळीत नवीन चामड्याचं वायसर घाला, नट हाताने लावून पान्याने थोडंच आवळा, इंजिन सुरू करून पाच मिनिटं डॅशबोर्डखाली टॉर्च धरा. गळती दिसली नाही तरच खालचं ट्रिम लावा.