सोफ्यावरचा शेंगदाणा

इंग्रजी बोलीतले शब्द चिनीत आणताना शब्दकोश नंतर उघड रे, आधी बघ की बोलणारा चिडवतोय की कौतुक करतोय. 'नर्ड' हिणवून म्हटलं असेल तर 'शूदाइझ', म्हणजे आपला पुस्तकी किडा. कौतुकानं असेल तर 'श्युएबा', शब्दशः अभ्यासातला दादा! 'ड्यूड'ला 'श्योंगदी' चालतं, पण मित्रामित्रांतच, साहेबासमोर नको.

खरी फजिती 'काउच पोटॅटो'त. चीनमध्ये 'शाफा तूदोउ' लिहितात, सोफ्यावरचा बटाटा. पण तैवानमध्ये 'तूदोउ' म्हणजे शेंगदाणा! तिथल्या वाचकासाठी बटाट्याला 'मालिंगशू' लिही. मी एकदा शेंगदाणाच बसवून ठेवला होता, तपासणाऱ्या बाई अजून हसतात. आणि चिनीत विनोद बसतच नसेल तर सरळ 'दिवसभर टीव्हीपुढे लोळणारा' असंच लिहून मोकळा हो.